कानसेनची बोट

बंदरावर त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. गोष्ट इथूनच सुरू केलेली बरी, नाहीतर मागाहून तुम्ही म्हणाल, हे आधी का नाही सांगितलं? त्याच्या बायकोनेही त्याला हेच विचारलं. फक्त ते विचारायला तिला भर समुद्रात जावं लागलं.

कानसेन इंजिनांचा फिटर. मिसरूड फुटायच्या आधीपासून बोटींच्या पोटात शिरून इंजिनं दुरुस्त करणारा. पत्र्याच्या छपराखाली तीन-चार डिझेल इंजिनं एकदम धडधडत असताना त्याचं उभं आयुष्य गेलं आणि त्यापायी कान गेले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग दाराची कडी, मग बायकांचे आवाज, शेवटी पुरुषांचे. आणि गंमत अशी, की त्याची कीर्ती वाढली ती नेमकी याच काळात. तो एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. थरथर दातांतून जबड्यात चढायची. 'दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह,' तो म्हणायचा, आणि उघडून बघावं तर खरंच दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलेला असायचा. बघणारे एकमेकांना कोपर मारायचे, काय कान आहे बघ! तेव्हापासून नाव पडलं कानसेन.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बहिऱ्या फिटरकडे इंजिन कोण नेणार? त्याने मूठ झाकून ठेवली, आणि त्यासाठी फार काही करावंही लागलं नाही. चालत्या इंजिनाजवळ सगळेच बहिरे, सगळेच हातवारे करणारे. बाकीच्या वेळी तो समोरच्याचे ओठ वाचायचा. ओठ कळले नाहीत की मान डोलवायचा. फोन आला की 'माझे हात तेलकट आहेत, तूच बोल' म्हणून बायकोच्या हातात द्यायचा. त्याचा खरा राग होता तो मिशांवर. दाट मिशीचं गिऱ्हाईक पायरी उतरताना दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लोक म्हणायचे, जरा विक्षिप्त आहे, पण हुशार माणसाचं एवढं चालवून घ्यायचं.

आणि बायको? तिला कसं कळलं नाही? अहो, नवरा बायकोचं ऐकत नाही, यात संशय घेण्यासारखं काय आहे? शेजारणीचा ऐकत नव्हता, समोरचीचा ऐकत नव्हता, आणि त्या दोघांचे कान ठणठणीत होते. हिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी म्हणून तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं. हळूहळू घरात बोलणंच कमी झालं. शेजारी म्हणायचे, काय समजूतदार जोडपं, कधी आवाज म्हणून नाही.

उतारवयात कानसेनच्या डोक्यात बोट घुसली. दुसऱ्यांच्या बोटींच्या पोटात शिरणं पुरे झालं, आता आपली बोट घ्यायची आणि बाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांपर्यंत सामान पोचवायचं. बोललेलं कारण हे. न बोललेलं कारण असं, की कारखान्यात हाताखालची पोरं वाढली होती, ती पाठीमागून हाक मारायची, आणि त्याला 'लक्ष नव्हतं' म्हणायचा आता कंटाळा आला होता. स्वतःच्या बोटीवर आपण मालक. मालकाला ऐकू गेलं नाही तर लोक पुन्हा सांगतात.

जुनी बोट विकायला असल्याची खबर आखाताच्या पलीकडच्या बंदरातून आली. घेऊन यायची कुणी? कानसेन इंजिन चालवणार, पण सुकाणू? तो मेहुण्याला विचारायला निघाला. मेहुणा घरांना रंग देणारा रंगारी, नावाड्याच्या पोटी जन्मून लाट बघितली की ओकणारा. तेवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारात आली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी येते."

"तू?"

"बाबांची बोट मीच आणत होते की. लग्नाआधी."

त्याला नवल वाटलं. त्याची अशी समजूत होती, की हिला समुद्राचा वीट आला आहे. लग्न झाल्यापासून तिने कधी समुद्राचं नाव काढलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

तिघं प्रवासी लाँचने पलीकडे गेली. मेहुणा जाताना रेलिंगला चिकटून होता आणि येताना कसं होणार याची काळजी आताच करत होता. बोट धक्क्याला बांधलेली होती, निळा रंग ताजा, अजून बोटाला चिकटेल असा. मेहुण्याने धंद्याच्या सवयीने नखाने कोपरा खरवडला आणि भावोजींसमोर येऊन म्हणाला, "भावोजी, रंग कालचा आहे. खालचं लाकूड बघून घ्या हं."

"लाकडाचं काय एवढं," कानसेन म्हणाला, "इंजिन खणखणीत असलं की बोट खणखणीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सोनाराने माणसाची पारख फक्त दागिन्यांवरून करावी, तसं हे बोट घेणं झालं.

जुना मालक वाळक्या अंगाचा, सरळ माणूस होता. खांद्यावर टॉवेल, आणि नाकाखाली अशी मिशी, की जेवताना ती एका हाताने वर धरावी लागत असेल. त्याने इंजिन सुरू केलं. कानसेनने दातांत स्क्रू-ड्रायव्हर धरला, डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. तेवढ्यात मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला लागला. कानसेनने डोळे उघडले. मिशी हलत होती. मिशीखाली ओठ असतील, असा नुसता अंदाज. कानसेनने मान डोलावली. मिशी पुन्हा हलली, या खेपेला जास्त वेळ, आणि मालकाने हाताने खाली इंजिनाकडे दाखवलं.

"हो, हो, छान आहे," कानसेन म्हणाला.

मालक क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून कागद आणायला गेला. बायको तेव्हा बोटीच्या मागच्या टोकाला होती, सुकाणूची दांडी या हातातून त्या हातात घेऊन बघत होती. मेहुणा धक्क्यावर, जमिनीचा जेवढा लाभ मिळेल तेवढा घेत.

निघाली तेव्हा ऊन स्वच्छ होतं आणि पाणी शहाण्यासारखं वागत होतं. बायकोने पदर कमरेला खोचला आणि दांडी धरली ती अशी, की जणू मध्ये इतकी वर्षं गेलीच नाहीत. ती पुढे बघत होती आणि हसत होती. कुणाला दाखवायला नाही, तिचं तिलाच. कानसेनने तिला असं हसताना कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना. त्याची छाती फुगली. बोट आपण घेतली, हसू आपण आणलं! तिला अजून खूश करावं म्हणून उतावळ्याने इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

बोट पुढे झेपावली. मेहुण्याने बादली जवळ ओढली. आणि मग, किनारा मागे निळसर व्हायला लागला असताना, कानसेनच्या तळपायांना काहीतरी वेगळं लागलं. थरथर होती, पण ती इंजिनातून येत नव्हती. इंजिनाच्या खालून येत होती. त्याने झाकण उचललं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिन जागेवरून हललं होतं. चार बोल्टांपैकी दोन लाकडातून उपटून उभे राहिले होते, लाकूड ओल्या पोळीसारखं फाटलं होतं, आणि इंजिन एका अंगाला कलून पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला हिसके देत होतं. शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या भोकाशी पाण्याची चूळ उडत होती.

त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. पाणी घोट्याला लागलं.

सगळीकडे एकदम सामसूम झाली. त्याला तो फरक कळला नाही.

"भावोजी, काय झालं? बुडतोय का आपण? भावोजी!" मेहुणा ओरडत होता. भावोजी पालथे पडून शाफ्टच्या भोकात चिंध्या कोंबत होते. मेहुण्याला एकच गोष्ट सुचली. त्याने जुन्या मालकाला फोन लावला आणि ताईलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"अहो, पूर्ण सोडलंत की काय इंजिन?" मालकाचा आवाज आला. "मी सांगितलं होतं की! माझ्या मुलाने मोठं इंजिन बसवलं, खालची लाकडं जुनीच ठेवली. कुजलीत ती. अर्ध्यावरच चालवा, घरी पोचलात की पहिल्यांदा लाकडं बदला, असं बजावलं होतं. एकदा नाही, दोनदा."

"कुणाला सांगितलंत?"

"फिटरसाहेबांना. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. म्हणाले, हो, हो, छान आहे. मलाही नवल वाटलं, कुजलेल्या लाकडात यांना छान काय दिसलं."

बायकोच्या पायाखालून बोटच सरकल्यासारखं झालं. माहीत होतं! माहीत असून याने पूर्ण सोडलं, आणि आपल्याला दोघांना घेऊन इथपर्यंत आला! ती नवऱ्याच्या पाठीवर ओरडली, "तुम्हाला माहीत होतं?"

पाठ हलली नाही. चिंध्या कोंबणं चालू होतं.

"मी काय विचारते? माहीत होतं का?"

पाठ तशीच. त्याने न बघता हात मागे करून पाना चाचपला, घेतला, कामाला लागला. तिला संताप आला आणि संतापाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. इंजिन बंद होतं. वारा नव्हता. ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती, आणि तिचा आवाज इतका चढला होता की मेहुण्याने कानांवर हात ठेवले होते. चिडलेला माणूसही खांदा तरी उडवतो. दुर्लक्ष करणाऱ्याची पाठही ताठ होते. ही पाठ तशी नव्हती. या पाठीला काही माहीतच नव्हतं.

तिने भावाला हाताने गप्प केलं. मग साध्या आवाजात, जसं घरी बोलावं तसं, म्हणाली, "अहो, मी पाण्यात पडतेय."

नवरा बोल्ट पिळत राहिला.

"ताई," मेहुणा पुटपुटला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि या खेपेला लाटांमुळे नाही.

कानसेन घाम पुसायला वळला आणि त्याला दोघांचे चेहरे दिसले. त्यांना काहीतरी झालंय एवढं कळलं, काय ते कळेना. पाण्याला घाबरलीत, असं धरून तो धीर द्यायला हसला. तेव्हा बायकोने पदर वर घेतला, तोंडावर धरला, आणि पदराआडून विचारलं, "मी तुमची कोण लागते?"

कानसेनने मान डोलावली. "हो, हो," तो म्हणाला, "होतंय, थोडाच वेळ."

तिने पदर खाली केला. तिला रडू आलं नाही, ओरडावंसं वाटलं नाही. ती मटकन फळीवर बसली आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली, बाजारात परका माणूस हात धरून आपलं नाव घेऊन बोलायला लागावा तसं. संसाराची सगळी वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून उलटी जात होती, आणि प्रत्येक ठिकाणी हा माणूस मान डोलावत उभा होता.

"किती वर्षं झाली?" तिने विचारलं. आता तोंड उघडं होतं, आणि ऊन सरळ तिच्या ओठांवर.

तो टाळू शकला असता. एखादा विनोद करता आला असता, पाणी दाखवून घाई करता आली असती. पण मेहुण्याच्या हातात फोन होता, मेहुण्याचं तोंड उघडं होतं, आणि बायकोच्या चेहऱ्यावर जे होतं त्याच्यापुढे मान डोलवायची त्याची हिंमत होईना.

"पोरगी शाळेत जायला लागली, तेव्हापासून कमीच," तो म्हणाला.

पोरगीला आता स्वतःची पोर होती.

पाणी कुणाच्या धक्क्याची पर्वा करत नाही. ते चढत होतं, म्हणून तिघं कामाला लागली. मेहुणा ज्या बादलीत ओकणार होता तिनेच पाणी उपसत होता. कानसेनने एका वल्ह्याचे तुकडे करून इंजिनाखाली पाचरी ठोकल्या, साखळीने इंजिन आडव्या फळीला आवळलं, भोकात ग्रीस लावलेला दोर भरला. बायको त्याला हवं ते हातात देत होती. काही मागायचं झालं की तो तिच्याकडे बघायचा, आणि ती त्याच्या तोंडासमोर यायची. इतकी वर्षं ती पाठीमागून बोलत होती. चुलीकडे तोंड करून, धुण्यावर वाकून, दार लावता लावता. घरातली माणसं अशीच तर बोलतात.

इंजिन पुन्हा सुरू झालं, अगदी हळू, आजारी माणसाला चालवावं तसं. कानसेन झाकणावर बसला तो पुढे तोंड करून नाही. मागे, सुकाणूकडे, तिच्याकडे तोंड करून. बोट कुठे चाललीय ते त्याला दिसत नव्हतं.

"बाबा गेले त्या रात्री मी तुम्हाला काय विचारलं होतं?" ती म्हणाली.

"कधी?"

"दिवा घालवल्यावर."

"दिवा घालवल्यावर मला काहीच कळत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने दांडी घट्ट धरली. अंधारात बोललेलं सगळं तिला आठवत होतं. दिवसभर घरात माणसं असायची, त्यामुळे जे खरं बोलायचं ते तिने दिवा घालवल्यावरच बोलून घेतलं होतं.

"मी म्हटलं होतं, बाबांची बोट विकू देऊ नका. मी चालवते. मला येते चालवायला. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, तुम्ही फक्त हो म्हणा. आणि तुम्ही म्हणालात, हं, झोप आता."

"पलंग हलत होता," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू जात नसल्यामुळे फार मोठा येत होता. "मला वाटलं, बाबांसाठी रडतेयस."

"रडले ती नंतर."

मेहुण्याच्या हातातली बादली थांबली. "ताई, अगं पण दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा तूच म्हणालीस, विकून टाक, आमच्या घरी कुणाला नकोय! मोडीत काढली मी ती. फळ्या सरपणाला गेल्या."

"काय म्हणणार होते मग? यांनी झोप म्हटलं होतं."

कानसेनने दोघांचे ओठ आळीपाळीने बघितले आणि जे समजलं ते खोटं असावं, असं त्याला फार वाटलं. "मी नाही म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "तू विचारलंस, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुला समुद्र नकोसा झालाय."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशी झालेय." ती प्रत्येक शब्द सावकाश, नीट उच्चारत होती, म्हणजे एकही सुटायला नको. "तुमचे कान गेले याचा मला राग नाही. पण कान गेले तुमचे, आणि मुकी मी झाले."

यावर मान डोलवण्यासारखं काही नव्हतं. कानसेनने डोळे पुसले, पुन्हा तिच्या तोंडाकडे बघितलं. बऱ्याच वेळाने, बंदराची भिंत दिसायला लागली तेव्हा, तिने त्याला हाताने खूण करून आपल्याकडे बघायला लावलं आणि म्हणाली, "धक्क्यावर मी कुणाला सांगणार नाही. हाही सांगणार नाही. तुमची रोजीरोटी आहे ती."

मेहुण्याने गळ्याची शपथ घेतली.

धक्क्यावर माणसं जमली होती. कानसेनने बोट घेतलीय ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मुकादम, दोन-तीन बोटींचे मालक, कारखान्यातली पोरं. दोर फेकले, ओढले, बांधले. बोट एका अंगाला झुकलेली, फळीवर वल्ह्याचं मुंडकं, मेहुणा चिंब. वरून सगळे एकदम विचारायला लागले. मुकादमाने ओठांपुढे विडी धरली होती आणि काहीतरी विचारलं. कानसेनने वर बघितलं. त्याची मान सवयीने हलायला लागली.

मान मध्येच थांबली.

"मला ऐकू येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "हात खाली करून बोला. कित्येक वर्षं झाली, मला काही म्हणता काही ऐकू येत नाही. म्हणून तर कुजकी बोट घेऊन आलो."

धक्का हसला. कानसेनला ऐकू येत नाही म्हणे! पोरांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. कानसेनला दिसली ती नुसती उघडी तोंडं. मग कुणाचं तरी लक्ष त्याच्या बायकोकडे गेलं. ती हसत नव्हती. ती नवऱ्याकडे अशी बघत होती, की त्याने तिलाही आताच पहिल्यांदा सांगितलं असावं. एकेक तोंड मिटत गेलं. मुकादमाच्या हातातली विडी तशीच जळत राहिली.

एका बोटीचा मालक पायऱ्या उतरून खाली आला. भला माणूस, कानसेनकडे पहिल्यापासून येणारा. त्याच्या इंजिनाच्या खोलीची किल्ली कानसेनकडे असायची. त्याने कानसेनसमोर उभं राहून नजर दुसरीकडे वळवली आणि तळहात पुढे केला. कानसेनने कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

माणसं हळूहळू पांगली. कानसेन जुडगा हातात घेऊन उभा राहिला. मागून बायको म्हणाली, "चला, घरी जाऊ."

तो हलला नाही. तिने हात पुढे केला होता खांद्याला लावायला, तो मागे घेतला. ओल्या फळ्यांवरून वळसा घालून ती त्याच्या पुढ्यात आली, त्याने वर बघेपर्यंत थांबली, आणि तेच पुन्हा म्हणाली.

"चल," तो म्हणाला.